चाकं तर चारच

माणिकरावांनी जीपभोवती तिसरी फेरी मारली आणि पुन्हा मोजलं. चाकं चारच होती. मागं लटकवलेली स्टेपनी धरली तर पाच.

"अन् त्या पलीकडच्या जीपला?" त्यांनी विचारलं.

"तिलाही चारच," एजंट विष्णुपंत म्हणाले. "पण ती टू व्हील, ही फोर व्हील. हिला बारा हजार जास्त."

आता घ्या. चाकं दोघींनाही चार, मग एक दोन चाकांची कशी आणि दुसरी चार चाकांची कशी? माणिकराव काही अडाणी नव्हते, गावच्या सोसायटीत दहा वर्षं संचालक होते. पण परभणीच्या त्या पत्र्याच्या शेडात उभं राहून त्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला. महिनाभर हेच चाललं होतं. मानवतचा अडत्या म्हणाला, जिप्सी घ्या, हलकी असते, पण पेट्रोल पिते. साडू म्हणाला, ट्रॅक्स घ्या, दहा माणसं बसतात. चुडाव्याचे पाहुणे म्हणाले, मिलिटरीच्या लिलावातली घ्या, निम्म्या पैशात येते. ज्याचं ऐकावं त्याचं खरं वाटायचं, आणि घरी येईपर्यंत सगळ्यांची खिचडी व्हायची.

नुसती हौस असती तर त्यांनी केव्हाच नाद सोडला असता. पण गेल्या श्रावणात सून रुख्मिणीला कळा सुरू झाल्या, झरीच्या अलीकडच्या ओढ्यात बैलगाडी काळ्या चिखलात आसापर्यंत रुतली, आणि पोर तिथंच जन्मून तिथंच गेलं. यंदा रुख्मिणीला पुन्हा दिवस गेले होते. पोळ्याच्या आसपास बाळंत होणार होती.

"चिखलातून निघती का, तेवढंच सांगा," ते म्हणाले.

"हमखास निघते. चारही चाकं ओढतात. फक्त चिखल लागला की हा..." विष्णुपंत आत वाकून काहीतरी दाखवू लागले. माणिकराव तोवर पलीकडच्या जीपपाशी उकिडवे बसून तिची चाकं निरखत होते. ओढतात म्हणे. चाक ओढत नाही तर काय जेवायला बसतं? सोबत आलेला मुलगा भुजंग ऐकत असेल असं त्यांना वाटलं, आणि भुजंगाला वाटलं की आबा ऐकतायत. शेवटी भीतीपोटी त्यांनी फोर व्हीलच घेतली.

जीप दारात आली. त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, हळदकुंकू वाहिलं. नजर लागू नये म्हणून लिंबू, मिरच्या अन् बिब्बा ओवला. अडकवायला जागा शोधताना गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी एक बारका दांडा बिनकामाचा उभा दिसला. त्यालाच त्यांनी लिंबू बांधलं, आणि खडखड नको म्हणून दांडा काळ्या दोऱ्यानं सीटच्या पायाशी आवळून टाकला.

"ह्याला कोणी शिवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. कोणी शिवलं नाही.

पोळा चार दिवसांवर आला आणि रुख्मिणीला कळा सुरू झाल्या. तीन दिवसांची झड लागलेली. भुजंगानं जीप काढली, आणि त्याच ओढ्यात, त्याच जागी ती बसली. माणिकराव खाली उतरले. मागची दोन चाकं गरागरा फिरून चिखल उडवत होती. पुढची दोन गप उभी होती. टू व्हील म्हणजे काय हे त्यांना आत्ता कळलं, आणि त्यांनी तर पैसे चाराचे मोजले होते.

"फसवलं रे त्या पंतानं," ते म्हणाले. गेल्या वर्षीचं ते इवलंसं गाठोडं डोळ्यांपुढून हलेना.

रुख्मिणी मागं सासूच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. डोळ्यांसमोर लिंबू हिंदकळत होतं.

"मामंजी," ती दात खाऊन म्हणाली, "त्या लिंबाच्या दांड्यानं काय व्हतंय?"

"काई व्हत न्हाई त्यानं."

"मग ठिवला कशाला?"

भुजंगानं हात पुढं केला आणि आईकडं बघून मागं घेतला. कस्तुराबाईंनी सुनेचं डोकं हळूच खाली ठेवलं आणि पुढं वाकल्या. गाठ भिजून आवळली होती, ती सुटेना. मग त्यांनी दोरा दातानं तोडला.

"म्याच बांधलं व्हतं," त्या म्हणाल्या. "वढ आता."

भुजंगानं दांडा ओढला. खालून खाडकन आवाज आला. माणिकराव चिखलात वाकून बघत होते. एक. दोन. पुढचं तिसरं हललं. मग चौथं. जीप हिसका देऊन काठ चढली आणि ते मागंच राहिले. थांबा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. ओढ्यात एकटेच उभे राहून त्यांनी डोळे पुसले.

झरीपर्यंत पायी आणि पुढं एसटीनं, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले ते दुपारी दवाखान्यात पोचले. कस्तुराबाईंनी नात त्यांच्या हातांवर ठेवली. माणिकरावांनी दुपट्याचं टोक बाजूला केलं आणि तिचे हातपाय मोजले.

चारही हलत होते.