देसाई मॅडमची गृहभेट

सुरतेतल्या एका मेडिकल कॉलेजने अभ्यासात मागे पडणारी मुलं हुडकून त्यांना मदत करायचं ठरवलं. समिती नेमली, समितीने यादी केली. यादी केवळ मदतीसाठी आहे, असं नोटिशीत ठळक अक्षरांत छापलं होतं. त्यामुळे ती कॉलेजातून काढून टाकण्यासाठीच आहे, याबद्दल मुलांना शंका उरली नाही.

पहिल्या वर्षाची जयश्री फिजिओलॉजीच्या दोन चाचण्यांत नापास होती. तिसरीतही नापास झाली की विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. गोडादऱ्याच्या वस्तीत, घरी, यातलं काही ठाऊक नव्हतं. बाप भाईदास कापडाच्या लूमवर, आई सरलाबाई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. दोघांच्या मते मुलगी डॉक्टर झालीच होती, फक्त कागद यायचा होता.

रविवारी समितीच्या देसाई मॅडम घरी आल्या. पालक घाबरू नयेत म्हणून म्हणाल्या, "इकडूनच चालले होते, म्हटलं भेटून जावं."

घोटाळा तिथेच झाला. भाईदासच्या खानदेशात स्थळासाठी मुलीची चौकशी करणारा माणूस कधीच चौकशीला म्हणून येत नाही. तो इकडूनच चाललेला असतो.

पडद्याआड सरलाबाई कुजबुजली, "हाई बाई कसाले उनी, समजनं का? डाक्टर पोऱ्याकरता इचारपूस शे!"

"गुजराती शे ती," भाईदास म्हणाला.

"मंग? मध्यस्थ शे." आणि तिने जयश्रीला साडी नेसायला पिटाळलं.

मॅडमनी फाइल उघडली. त्या गुजरातीत विचारत, भाईदास हिंदीत सांगे.

"झोप लागते का तिला?"

भाईदासने डोळे बारीक केले. "पडली की लगेच. पण पहाटे पाचला उठते."

"रडते? चिडते?"

"आवाज ऐकला नाही कोणी आजवर."

"अभ्यास जड जातो?"

"तिला काहीच जड जात नाही. हंडासुद्धा."

मॅडमनी सगळ्या चौकोनांत 'नाही' लिहिलं. "छान. मग यादीतून नाव काढते."

चहा घेऊन आलेली जयश्री दारातच थांबली. नाव निघतंय, घरी काही कळत नाहीये. गप्प राहिलं की सुटका होती. तिसरी चाचणी मात्र अकरा दिवसांवर होती.

"मॅडम, हे सगळं खोटं आहे," ती म्हणाली. "मी दोनदा नापास झालेय. झोप येत नाही. रडते ते मोरीत, नळ सोडून."

"लाजते ती," भाईदास घाईने म्हणाला. "मुलगा कुठला, तेवढं सांगा."

"कुठला मुलगा?"

मग सरलाबाईने मुलीच्या हातातून ट्रे काढून घेतला. "मोरीत रडस? अन् माले सांगं नहीं?"

मॅडमनी आता सगळं नीट समजावलं: रोज कॉलेजनंतर आठपर्यंत शिकवणी, चाचणी महिनाभर पुढे, पालकांची सही हवी.

"सही केल्यावर तिला कॉलेजातून काढणार तर नाही ना?" भाईदासने विचारलं.

"नाही."

"हेच लेखी द्या."

मॅडमनी फॉर्मच्या कोपऱ्यात लिहून खाली सही केली. भाईदासने ते मुलीकडून दोनदा वाचून घेतलं, मग स्वतः सही केली, कागदाच्या दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढले.

"आठला नक्की सुटेल ना? मी गेटपाशी असेन," तो म्हणाला, आणि खाली जाऊन मॅडमच्या गाडीच्या नंबरप्लेटचाही फोटो काढून आला.