यंत्राचा खाऊ

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि समोर एक भिंत आणा. भिंतभर तक्ता आहे. वरच्या बाजूला येणारी पंधरा वर्षं आणि खाली, एकेका पट्टीवर, संगणकाच्या चिपवरच्या रेघा आणखी बारीक करण्याच्या निरनिराळ्या वाटा. वाट सापडली आहे तिथं चौकोन पांढरा. जगात कुणालाच ठाऊक नाही तिथं लाल. आता सर्वांत खालच्या, सबंध लाल पट्टीवर बोट ठेवून उभी असलेली आठ वर्षांची यी-चेन बघा.

"बाबा, ही आपली ना?"

वेंगनं मान डोलावली. अकरा वर्षं त्यानं त्या पट्टीत काढली होती. यी-चेन अठरा वर्षांची होईल तेव्हा पहिला चौकोन पांढरा करून दाखवीन, असं त्यानं तिला कबूल केलं होतं.

तैवानमधल्या शिन्चूच्या त्या संस्थेत आज घरच्या मंडळींना आत सोडलं होतं. तक्त्यात फेरफार करायचाही शेवटचा दिवस होता. सोमवारी तो कारखान्यांकडे जाणार. मग त्यात जे असेल त्यालाच माणसं, त्यालाच यंत्रं.

तक्ता ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख को सर आले. कॉलेजात ते वेंगच्या दोन वर्षं पुढे होते आणि त्यांच्या प्रबंधातले सगळे आलेख वेंगनं काढून दिले होते. त्यांनी यी-चेनच्या केसांवरून हात फिरवला, तिचं बोट हलकेच बाजूला केलं आणि ती चुंबकाची पट्टी भिंतीवरून सोलून काढली.

"लाल फार झालं रे, वेंग. पाहुण्यांना वाटतं, भिंतीला गोवर आलाय."

मंडळी हसली. मागच्या महिन्यात दोन रेघा स्वच्छ उमटल्या, आणखी दोन वर्षं मिळाली तर होईल, असं वेंग हळू आवाजात म्हणाला.

"दोनच वर्षं तू चार वर्षांपूर्वीही मागितली होतीस," को सर मायेनं म्हणाले.

तिथल्या प्रत्येक यंत्राच्या, काचेबाहेरच्या कपाटावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असे. त्यानं यंत्र शहाण्यासारखं वागतं, अशी तिथली समजूत. तारीख उलटायच्या आत ते बदलायचं. चालत्या यंत्राचा खाऊ मात्र कुणी खायचा नाही, अगदी साहेबानंसुद्धा. वेंगच्या यंत्रावरचं पाकीट नव्या वर्षाला यी-चेननं स्वतः ठेवलं होतं. को सरांनी ते उचलून तिच्यापुढे धरलं.

"घे बाळ. आता खाल्लंस तरी चालेल."

तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं. उलटं करून तारीख वाचली.

"बाबा, अजून पाच महिने आहेत."

को सर वेंगकडे बघत होते. नव्या कामांच्या यादीत वेंगचं नाव त्यांना अजून लिहायचं होतं.

"खा गं," वेंग म्हणाला. "काका एवढ्या प्रेमानं देतायत."

यी-चेननं पाकीट फोडलं. एक तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता ती काचेपलीकडे, बाबांच्या चालू यंत्रावरच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिली. दिवा विझला नाही.

मग तिनं दुसरा तुकडा घेतला.