सरावाची बातमी

विद्यापीठात तीन वर्षं काय शिकलीस, असं गावात कुणी विचारलं की मी विषय बदलते. प्रसारणाची पदवी आहे माझ्याकडे. मायनं ती फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलीय. गुणही बरे आहेत. पण खरं विचाराल तर त्या तीन वर्षांत मी एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे भिणं. माईकला भ्यायले, हेडफोनला भ्यायले, आणि स्टुडिओच्या दारावरच्या लाल दिव्याला तर सगळ्यात जास्त भ्यायले.

पहिल्या वर्षी मी वर्गात तोंड उघडलं की शहरातल्या पोरी माना खाली घालून हसायच्या. मी ‘लय’ म्हणायचे, ‘मी जायलेय’ म्हणायचे. म्हटलं हसा बायांनो, हसून घ्या. मग रोज पहाटे होस्टेलच्या गच्चीवर जाऊन पेपर मोठ्यानं वाचायला लागले. गच्चीवरची कबुतरं बेजार झाली, पण तिसऱ्या वर्षापर्यंत माझ्याकडे बातम्यांचा एक वेगळा आवाज तयार झाला. खणखणीत, सरळ, कुठंही न अडखळणारा. त्या आवाजात बोलताना मी भीत नव्हते, आणि तेच मला लय आवडायचं.

पाचव्या सत्रात विवेक सरांनी प्रात्यक्षिक दिलं. पाच मिनिटांचं बातमीपत्र स्वतः लिहायचं आणि स्वतः वाचायचं. सरांचा दंडक होता की गावं खरी घ्या, आकडे खरे वाटू द्या, ऐकणाऱ्याचा कान टवकारला पाहिजे. मात्र सुरुवातीला आणि शेवटी ‘हे सरावाचं बातमीपत्र आहे’ हे वाक्य वाचलंच पाहिजे. दिवस भाद्रपदाचे होते. आमचं गाव येलदरी धरणाच्या खाली, पूर्णा नदीच्या काठावर, आणि धरण तेव्हा सत्त्याण्णव टक्के भरलेलं होतं. मला लांब जायची गरजच नव्हती. मी लिहिलं की धरणाचे सहा दरवाजे सकाळी दहा वाजता उघडले आहेत आणि नदीकाठच्या गावांनी ताबडतोब उंच जागी जावं. चार गावांची नावं घातली, त्यात आमचंही घातलं.

सरांनी ऐकलं आणि म्हणाले की उत्तम. दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

आता माझा मूर्खपणा ऐका. माय फोनवर मला नेहमी टोमणा मारायची की तिथं नुस्तं बोलायलाच शिकवत्यात व्हय, अन् त्याला तीन वर्षं? मला त्याचा राग यायचा. म्हटलं हिला एकदा दाखवतेच. मी त्या पाच मिनिटांतली चाळीस सेकंदं कापली, धरणाची बातमी तेवढी ठेवली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘ऐका, माझा आवाज.’ सरावाचं वाक्य मी मुद्दाम काढलं होतं. चुकून राहिलं असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं, पण ते खोटं आहे. ते वाक्य आलं की शाळेच्या नाटकासारखं वाटायचं, म्हणून काढलं. मग नियमाप्रमाणे फोन सायलेंटवर करून दाराबाहेरच्या टोपलीत ठेवला आणि बाकीच्यांच्या रेकॉर्डिंगला आत गेले. तेव्हा पावणेअकरा झाले होते.

एक वाजता बाहेर येऊन फोन बघितला तर एक्केचाळीस मिस्ड कॉल. आमच्या घरून एवढे फोन कुणी गेल्याशिवाय येत नाहीत. मी भागवतला फोन लावला. भागवत माझा चुलतभाऊ, गावात त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि घरच्या ग्रुपवर आलेलं सगळं गावाच्या ग्रुपवर टाकायची त्याला खोड आहे. तो धापा टाकत बोलत होता. म्हणाला, तुझी बातमी आली तशी टेकडीवरच्या देवीच्या देवळात नेऊन भोंग्यावर लावली, तीनदा लावली, सगळं गाव वर आणलं, म्हातारीकोतारी, लेकरं, म्हशीसुद्धा. शाबासकी मागत होता गडी. मी मधेच विचारलं की आबा कुठं आहेत. तर म्हणाला, नदीवरून ते आलेच नाहीत.

आमच्याकडे धरणाचे दरवाजे सुटले की लोक आधी नदीकडे पळतात, हे परक्या माणसाला सांगून पटायचं नाही. काठावर प्रत्येकाची पाण्याची मोटार बसवलेली असते. पाणी यायला तीन-चार तास लागतात, तेवढ्यात मोटार सोडवून दोरानं वर ओढायची असते. गेली तर हंगाम गेला. आबा, म्हणजे माझे वडील आश्रुबा, शेतातच होते. भोंगा ऐकला तसे तेही नदीत उतरले. बाकीचे आपापल्या मोटारी काढून टेकडीवर आले. शेवटचा जो वर आला त्यानं आबांना दोर ओढताना पाहिलं होतं, आणि येतील मागोमाग असं समजून तो निघून आला होता. त्याला दीड तास झाला. फोन लागत होता, उचलत कुणी नव्हतं.

मग जाऊन बघा की, असं मी ओरडले. भागवत म्हणाला की कोण जाणार, पाणी कधीही येईल. मी सांगितलं, येणार नाही, एक थेंब येणार नाही, ते सगळं खोटं आहे. त्यानं फोन मायकडे दिला. मायला बायकांनी धरून ठेवलं होतं, ती खाली पळायला बघत होती.

“माय, मी ते वर्गात वाचलं होतं गं. खोटं हाय ते.”

“आता रडायलीस अन् खोटं म्हनायलीस. सकाळी तर चांगलं ठणठणीत सांगितलीस. कुनी दम दिला का तुला?”

तलाठ्यानंही फोन करून सांगितलं होतं की दरवाजे बंद आहेत. पण तलाठी तालुक्याला राहतो, त्याचं काय बुडतंय, असं म्हणून लोकांनी त्याला वाटेला लावलं. गावाच्या पोरीनं रेडिओवर सांगितलं म्हटल्यावर तलाठ्याला कोण विचारतो. माझ्यावर एवढा विश्वास त्या गावानं जन्मात कधी ठेवला नव्हता.

मी विवेक सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं, वाक्य कापलं तेही सांगितलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, मला स्टुडिओत जाऊ द्या, मी बातम्यांच्या आवाजात सांगते, माझं रडणं त्यांना खरं वाटत नाहीये. सर उठले, पण त्यांनी आधी फोन हातात घेतला.

“तू आता माणसं नदीत उतरवणार आहेस. आधी धरणावर विचारू.”

माझ्या तोवर डोक्यातच आलं नव्हतं ते. धरण सत्त्याण्णव टक्के. मी दरवाजे बंद म्हणायचं, माणसं खाली उतरायची, आणि नेमके तेव्हाच खरोखर उघडले तर? सरांनी पहिला नंबर लावला, कुणी उचलला नाही. दुसरा व्यस्त. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला डोळ्यांसमोर आबांचा दोर दिसत होता, फक्त दोर. तिसऱ्या नंबरवर एक अभियंता सापडले. तेच उलट चिडले, सकाळपासून शंभर फोन आलेत म्हणाले. एकही दरवाजा उघडलेला नाही आणि संध्याकाळपर्यंत उघडायचा विचार नाही. सरांनी त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. या सगळ्यात दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही.

स्टुडिओत बसले. लाल दिवा लागायचं कारण नव्हतं, पण सरांनी लावला. बहुतेक मला बातम्यांचा आवाज लागावा म्हणून. भागवतला सांगितलं की फोन भोंग्याच्या माईकला लाव आणि मध्ये एक शब्द बोलू नको. मी श्वास घेतला आणि बोलले.

“नमस्कार. मी वैष्णवी आश्रुबा बोलत आहे. सकाळी आपण ऐकलेली बातमी हा माझा वर्गातला सराव होता. ती खरी नाही. येलदरी धरणाचा एकही दरवाजा उघडलेला नाही, धरणावरून आताच खात्री केली आहे. संध्याकाळपर्यंत पाणी सोडलं जाणार नाही. माझे वडील नदीवर आहेत. त्यांना आणायला जा.”

फोनमधून भोंग्यावरचा माझाच आवाज थोड्या उशिरानं परत येत होता. मी थांबले तरी तो शेवटचं वाक्य बोलत होता. मग भागवत म्हणाला की उतरायलेत, चौघंजण उतरायलेत. फोन तसाच सुरू ठेवून मी बसले. तेवीस मिनिटं. सर शेजारच्या खुर्चीत बसून होते. माझ्या मनात नको नको ते येत होतं. मी देवीला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही.

सापडले. जिवंत होते. चिखलात पाय घसरून मोटार नडगीवर आली होती, आणि तिला जोडलेला पाइप पाण्यानं भरलेला असल्यानं ती एकट्याच्यानं हलत नव्हती. पाय दोन ठिकाणी मोडला होता, आणि फोन काठावर काढून ठेवलेल्या सदऱ्यात वाजत राहिला होता.

जिंतूरच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा प्लास्टर झालं होतं. रस्ताभर एसटीत मी एकच धरून बसले होते, की निदान माझा दुसरा आवाज आबांनी ऐकला असेल. भोंगा नदीपर्यंत जातो. मायनं मला दारातच फैलावर घेतलं, आणि ते बरोबरच होतं. गावातले दोघं-तिघं माझ्याकडे पाठ करून बसले होते. मी आबांच्या उशाशी गेले आणि केलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी मूर्खासारखं विचारलं की दुसऱ्यांदा मी सांगितलं तेव्हा तरी जिवाला बरं वाटलं असेल ना.

आबा रागानं बोलले नाहीत. छताच्या पंख्याकडे बघत हळू बोलले.

“न्हाई गं बाई. पयली बातमी आयकली तवा कळलं हुतं की पानी येतंय. पाय अडकला, निघंना, तवा मन घट्ट केलं म्या. म्हनलं येऊ दे. दुसरी आयकली अन् काईच कळंना झालं. दोनीबी तूच सांगितल्यास. सारख्याच आवाजात. कोनची धरावी मानसानं?”

त्यांनी माझा हात धरला आणि पुढं सांगितलं.

“मंग वाळूत मानसांचे पाय वाजले. मला वाटलं पानीच आलं. डोळे मिटून घेतले म्या.”