रुमालाखालची लाईन

आदिलाबादजवळच्या इचोड्याच्या चंपतरावांना इंटरनेट हवं होतं ते मोतीरामच्या आधी भाव कळावा म्हणून. जगाशी जोडलं जायची हौस त्यांना कधीच नव्हती. दोघांच्याही कापसातली सरकी काढायच्या जिनिंग होत्या, एक इचोड्यात आणि दुसरी गुडीहत्नूरला, आणि मधल्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक कापसाच्या गाडीवर दोघांचाही डोळा असे. मोतीराम अजून एसटीडीवर ओरडून भाव विचारी. चंपतरावांनी मात्र टेलिफोन खात्याकडून खास जिनिंगपुरती लाईन घेतली. रात्रंदिवस चालू आणि वाटेकरी कोणी नाही. वाटेकरी नाही एवढं ऐकूनच त्यांनी सही ठोकली होती.

लाईनीला जोडायचं यंत्र खातं भाड्याने द्यायला तयार होतं. पण दुसऱ्याच्या काट्यावर आपला माल तोलू नये, अशी वडिलांची शिकवण. चंपतराव स्वतः हैदराबादेला गेले आणि राउटर मांडीवर घेऊन बसने परत आले. वाटेत झोप लागेल म्हणून बिचारे निर्मलच्या स्टँडवर दोनदा चहा प्यायले.

खात्याचा इंजिनिअर लिंगन्ना येऊन भिंतीवर एक पांढरी डबी ठोकून गेला. जाताना त्याने हिंदीत बजावलं की डबीपर्यंतची लाईन सरकारची, डबीपुढे जे जोडाल ते तुमचं आणि त्याचं दुखणंही तुमचंच. चंपतरावांना हे लगेच पटलं. शेताचा बांध त्यांना कळत होता, आणि तसं त्यांनी लिंगन्नाला बोलूनही दाखवलं.

घोळ झाला तो दिव्यांचा. यंत्राला समोर बारीक दिवे होते, आणि माहिती आली-गेली की ते लुकलुकतात, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. आता चंपतरावांच्या लेखी माहिती म्हणजे भाव. माणसाला आणखी कसली माहिती लागते? त्यांची उमर गेली रुमालाखाली सौदे करण्यात. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एका रुमालाखाली, बोटं दाबून भाव ठरायचा, आणि बाजूला उभ्या माणसाला काही म्हणजे काही कळायचं नाही. बाजार समितीने ती पद्धत कधीच बंद केली होती, पण दिसलेला भाव गेलेला भाव, ही अक्कल थोडीच बंद होते? कोणी दारात उभा राहून दिवे मोजले तर? चंपतरावांनी घरून जाड खादीचा रुमाल आणला, चार पदरी केला आणि यंत्रावर घातला. कारकून भगवानरावांना ताकीद दिली की याला हात लावायचा नाही.

सकाळी लाईन चालायची. दुपार झाली की मरायची.

तक्रार गेली की लिंगन्ना आदिलाबादहून मोटरसायकलवर निघे. सरकारी माणूस यायचा म्हणजे खोली नीट हवी, म्हणून चंपतराव रुमाल काढून घडी घालत, यंत्र पुसत, उदबत्ती लावत. लिंगन्ना पोहोचेपर्यंत लाईन ठणठणीत चालू झालेली असे. तो चहा पिऊन, मान हलवून परत जाई. त्याची पाठ फिरली की यंत्रावर पुन्हा रुमाल, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा मरण. खातं मुद्दाम छळतंय याबद्दल चंपतरावांना शंका उरली नाही. लिंगन्नाचं मत असं झालं की शेठला एकटेपणा जाणवत असावा.

मग माघात एका सकाळी कोइमतूरच्या सूतगिरणीचा निरोप ई-मेलने आला. पाठवलेला कापसाचा नमुना पसंत होता. आज संध्याकाळपर्यंत याच वाटेने लेखी भाव कळवा, नाहीतर गुडीहत्नूरच्या जिनिंगला विचारू. एवढी मोठी गिरणी हाताला लागली असती तर चंपतरावांचा पुढचा सगळा हंगाम उभा राहणार होता, आणि निसटली तर मोतीरामचा. चंपतरावांनी भाव ठरवायला दुपार केली, कारण घाईने सांगितलेला भाव कधी धड नसतो. भगवानराव कॉम्प्युटरवर उत्तर टाइप करायला बसले आणि लाईन मेली.

चंपतरावांनी फोनवर खात्याच्या सात पिढ्या काढल्या. नशीब असं की लिंगन्ना त्या दिवशी इचोड्याच्याच एक्स्चेंजात होता. घडी घालायला, उदबत्ती लावायला सवड न देता तो दारात हजर झाला. डबीला आपलं तपासणीचं यंत्र लावून म्हणाला, “सेठ, बांध के इस तरफ सब ठीक है।”

“आन् त्या तरफ काय माह्यं वावर जळून राह्यलं?” असं म्हणत चंपतरावांनी राउटर उचलून त्याच्या पुढ्यात आदळायला रुमालाखाली हात घातला, आणि तसाच बाहेर काढला.

ही ऊब त्यांच्या ओळखीची होती. ओला कापूस ताडपत्रीखाली दाबून ठेवला की गंजीच्या पोटात अशीच धग धरते. कालच त्यांनी भीमपूरच्या एका शेतकऱ्याला त्यावरून भर फाटकात झापलं होतं, आग लावतं काय माह्या जिनले म्हणून. आता झापायला कोणी नव्हतं. त्यांना खरोखर लाज वाटली.

लिंगन्नाने झाकायचं कारण विचारलं. चंपतरावांनी भगवानरावांना पाणी आणायला पाठवलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. लिंगन्ना भला माणूस, तोंड फिरवून हसला. दिव्यात भाव नसतो, लाईन जिवंत आहे एवढंच तो सांगतो, असं त्याने समजावलं. टेबलफॅन लावला, यंत्र निवलं, दिवे लागले, आणि ऊन उतरायच्या आत भाव कोइमतूरला गेला. दोन दिवसांनी गिरणीचा होकार आला.

होकाराची बातमी फुटायला वेळ लागला नाही. मोतीराम सहज आल्यासारखा आला आणि बरोबर यंत्रासमोरच्या खुर्चीत बसला. दिवे उघडे लुकलुकत होते. चंपतरावांचा हात रुमालासाठी शिवशिवला, पण रुमाल आता घरी होता.

“चंपतराव, हे हिरवं काय सांगून राह्यलं?”

उभ्या हयातीत प्रतिस्पर्ध्याने विचारलेल्या प्रश्नाला चंपतरावांनी खरं उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

“लाईन चालू हाय, येवढंच सांगते. दुसरं काई नाई.”

मोतीरामने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं.

“सांगायचं नसन तं नका सांगू,” तो म्हणाला. “पन इतक्या वर्षांची वळख, खोटं काऊन बोलता?”

आणि त्याने खुर्ची पुढे ओढली, बोटांची पेरं धरली आणि दिवे मोजायला लागला. चंपतरावांना इतका आनंद कोइमतूरच्या होकारानेही झाला नव्हता. त्यांनी भगवानरावांना चहा सांगितला आणि टेबलफॅन थोडा मोतीरामकडे वळवला.