हाफिजभाईचा कान

“भुसा कसा पडते रे? किसासारखा का पिठासारखा?” हाफिजभाईंनी मशीनकडे न बघताच विचारलं.

“पिठासारखा,” इंद्रजित म्हणाला.

“मंग पावर मशीनमंधी कमी नाई. इथं कमी हाय.” त्यांनी पान्याने स्वतःच्या कपाळावर टकटक केलं.

शेजारचा वेल्डिंगवाला साजिद डोळ्यांवरची काच वर करून हसला. इंद्रजितही ओशाळून हसला, पण जागचा हलला नाही. आर्णीजवळच्या खेड्यातला हा पोरगा शेतांच्या धुऱ्यावरच्या बाभळी, कडुनिंब तोडून द्यायचा. त्याची साखळीची कटर मशीन लहान, सोळा इंच पट्टीची. इतरांनी मोठ्या मशीन घेतल्यापासून लोक याला फांद्या छाटायला बोलवायचे आणि खोड दुसऱ्याला द्यायचे. म्हणून त्याला या लहान मशीनचीच ताकद वाढवून हवी होती. मोबाईलवर त्याने पाहिलं होतं. सायलेन्सर उघडायचा, आतला आडवा पत्रा काढायचा, भोक मोठं करायचं. धूर मोकळा निघाला की मशीन पळते.

“मोबाईलवाल्यानं सांगतलं? मंग त्याच्याचकडून करून घे. माह्या दुकानात कायले आला?”

गिऱ्हाइकांचा हाफिजभाईंना मनापासून तिटकारा होता. फवारणी पंपात नाल्याचं गढूळ पाणी भरणारे, प्लग हातोडीने ठोकून बसवणारे, पेट्रोलमध्ये तेल घालायला विसरून वर ‘मशीनच बोगस’ म्हणणारे. अक्कल असलेलं गिऱ्हाईक चाळीस वर्षांत दुकानात आलं नाही, असं ते गिऱ्हाइकालाच सांगत. तरी पार झरी जामणीकडून लोक येत. कारण आवाजावर मशीन लावावी ती यांनीच. कारबुरेटरचा स्क्रू केसभर फिरवून ते थांबत आणि मशीन पुढे वर्षभर कुरकुर करत नसे. लोक म्हणत, हाफिजभाईचा कान आहे.

तो कान हाफिजभाईंचा नव्हता. बारीक आवाज त्यांना पंधरा वर्षांपूर्वीच ऐकू येईनासे झाले होते. समोरचा माणूस काय बोलतो ते कळायचं, पण पूर्ण रेस दिलेली मशीन नुसती धडधडायची. दुकानामागच्या खोलीत पोळ्या करता करता ऐकायची ती त्यांची बायको अकीला. मधल्या खिडकीतून तिचं बोट दिसायचं. बोट वर म्हणजे अजून पेट्रोल दे. पंजा आडवा म्हणजे बस. गिऱ्हाइकाची खिडकीकडे पाठ असायची.

मागच्या रमजानच्या आधी अकीला गेली. तेव्हापासून ते कंपनीच्या मापावर स्क्रू लावत होते. पुसदला दिलेल्या मुलीने, शगुफ्ताने, कानाची मशीन आणून दिली होती. चालू इंजिनाजवळ ती नुसती किंचाळायची. त्यांनी ती परत पाठवली. आपल्याला ऐकू येत नाही हे गावात अजून कोणाला ठाऊक नव्हतं, आणि होऊ द्यायचंही नव्हतं. मेकॅनिकचं नाव गेलं की दुकानात पंक्चरवालेच येऊन बसतात.

सायलेन्सर उघडला की कंपनीचं माप चालत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. हवा वाढते, पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापून चिकटतो. ते कानानेच लावावं लागतं. म्हणून त्यांनी पोराला वाटेला लावायचं ठरवलं. साखळी पट्टीवर घट्ट धरून गोल कानशीने एकेक बोथट दात घासला. दुकानासमोरचा बाभळीचा ओंडका कापून दाखवला. भुसा किसासारखा उडाला.

“झाली पावर. नीघ आता.”

“धार तं मस्त लागली, चाचा.” इंद्रजित खाली बसून भुसा हातात घेऊन बघत होता. “पण सायलेन्सर? तुमच्यानं होत नसन तं राहू द्या. राजूरले एक जण करून देते म्हणते.”

“तो? कालपावेतो सायकलीत हवा भरे तो!” हाफिजभाईंनी मशीन त्याच्यापुढून ओढून घेतली. “आण इकडं. अन् मोबाईल खिशात ठेव, शिकून घेशीन उगाच.”

पत्रा काढला. भोक मोठं केलं, कडा घासल्या. सायलेन्सर लावून मशीन चालू केली, पूर्ण रेस दिली, स्क्रू अर्धा फेरा मोकळा केला आणि सवयीने खिडकीकडे बघितलं. खिडकीतून मागची भिंत दिसली. त्यांनी तळहात मशीनच्या दांड्यावर दाबून ठेवला. हाताला चांगलं लागत होतं. लागत असावं.

“बस,” ते स्वतःच म्हणाले.

ओंडक्याचा तुकडा बघता बघता गळून पडला.

“राक्षस झाली, चाचा!”

“राक्षस तूच. जाय.”

चौथ्या दिवशी इंद्रजित परत आला. मशीनची दोरी ओढली जात नव्हती. शेतातल्या एका मोठ्या निंबाचं खोड त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. अर्धं कापलं आणि मशीन जागेवर थांबली. शेतमालकाने दुसरा माणूस बोलावला, आणि याने उभं राहून बघितलं.

“तेल नाई टाकलं!” हाफिजभाई मशीन हातात घ्यायच्या आधीच गरजले. “पेट्रोल भरलं अन् निंघाले बहाद्दर! साजिद, पाह्य, हे व्हिडिओवाले. ह्यायले मशीन कायले पाह्यजे? ह्यायले कुऱ्हाड द्या, अन् तिची बी धार मोडून द्या!”

“क्या बात है, हाफिजभाई,” साजिद म्हणाला. “लगाओ एक कान के नीचे.”

“टाकलं होतं,” इंद्रजित म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, पण आवाज चढला नव्हता. “औषधाच्या टोपनानं मोजून टाकतो मी. तुमीच सांगतलं होतं मांगच्या साली.”

“मोजते म्हणे!”

हाफिजभाईंनी टाकीतलं पेट्रोल थेंबभर कागदावर सांडलं. सगळ्यांसमोर खोटं पाडायचं, तर पुरतं पाडावं. पेट्रोल उडून गेलं. कागदावर तेलाचा डाग राहिला. चांगला रुपयाएवढा, हवा तसा.

त्यांनी पाना घेऊन प्लग काढला. तो खडूसारखा पांढरा पडला होता. सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली. धूर निघतो त्या बाजूने पिस्टनवर उभे ओरखडे होते. पेट्रोल कमी पडून जळालेला पिस्टन त्यांनी शंभर वेळा बघितला होता आणि शंभर वेळा कोणाची तरी आई-बहीण काढली होती.

साजिद अजून हसत उभा होता. ‘तेल कमीच होतं’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. साजिदने मान हलवली असती. पोरगाही निमूट निघून गेला असता. त्याच्यासारख्याला दोष घ्यायची सवय असते. अशा माणसाला मूर्ख म्हणणं सोपं असतं, ते त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं.

“तेल बराबर हाय,” हाफिजभाई म्हणाले. “स्क्रू मी चुकीचा लावला.”

साजिदचं हसू थांबलं. “तुम? आवाज पे लगाया था ना?”

“आवाज मले आयकू नाई येत.” एवढं बोलून ते पिस्टन शोधायला फळीकडे वळले.

नवा पिस्टन बसवायला दुपार गेली. सिलिंडर वाचला होता. इंद्रजित सामान हातात देत राहिला. मशीन जुळली तेव्हा हाफिजभाईंनी त्याला समोर, दोन हातांच्या अंतरावर बसवलं.

“मी स्क्रू फिरवतो. तू आयक. चिरका आवाज आला, शिट्टीवानी, तं बोट वर कर. मंग आवाज भरड होईन. जात्यात हरभरे पडल्यावानी. तवा पंजा आडवा कर. घाई नोको करू. अन् मले खूश कराले नोको करू.”

मशीन सुरू झाली. इंद्रजितने डोळे मिटले. हाफिजभाईंना ते आवडलं नाही. अकीला पोळी उलटता उलटता ऐकायची. पण ते पोराच्या बोटाकडे बघत राहिले. बोट वर होतं. ते स्क्रू मोकळा करत गेले. बोट वरच. एकदा बोट हललं, मग पुन्हा सरळ झालं. शेवटी पंजा आडवा झाला.

त्यांनी मशीन बंद केली.

“पक्कं?”

“पक्कं, चाचा.” इंद्रजितने डोळे उघडले. “पण हे बोटाचं कोणं शिकवलं तुमाले?”

“घरचीनं.” हाफिजभाई फडक्याने हात पुसू लागले. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिले. “लोक माह्या कानाचं नाव घेत ना, तो कान तिचा होता. पंधरा वर्सं. मी कोणाले सांगतलं नाई.”

साजिदने काच कपाळावर सरकवली. वीस वर्षांचा शेजार होता. तो काहीतरी म्हणणार होता.

“तू काय पाहून राह्यला? जाय, गेट जोड कोणाचं,” हाफिजभाई त्याच्यावर खेकसले. मग मशीन पुन्हा पोरापुढे सरकवली.

“तापली की आवाज बदलते. पुन्हा चालू कर. पुन्हा आयक.”