अर्धी बादली पीठ

थोरल्या जाऊबाईंचा हात सढळ. ताटात वाढताना सढळ आणि जीभ त्याहून सढळ. धाकटी जाऊ गोठ्यात काटा लावून गाईचा खुराक मोजायची, तेव्हा थोरली हमखास म्हणायची, "मापात पाप असतं गं बाई. जनावराच्या तोंडचा घास मोजू नये." धाकटी हसायची आणि पुन्हा काट्याकडे बघायची. नुकत्याच व्यालेल्या गाईचा दाणा एकदम वाढवायचा नसतो, रोज मूठभर वाढवत न्यायचा, हे सांगून सांगून ती थकली होती.

काल दुपारी धाकटी बाहेर गेली आणि थोरलीने संधी साधली. बाळंतिणीला कुणी असं तोलूनमापून घालतं का? तिने अर्धी बादली गव्हाचं पीठ कालवून गाईपुढे ठेवलं. गाईने बादली चाटूनपुसून लख्ख केली. थोरलीला पुण्य पदरात पडल्यासारखं वाटलं.

सकाळी गाय बसली ती उठेचना. डॉक्टर आले. व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम उतरलं असणार, असं म्हणून त्यांनी सलाइनची बाटली काढली. मग सवयीने विचारलं, खाण्यात काही बदल झाला का?

थोरलीला पीठ आठवलं आणि पाठोपाठ इतक्या वर्षांचे आपले टोमणेही आठवले. समोर गाय कण्हत होती आणि ही बाई खांबाला धरून गप्प उभी होती.

धाकटी म्हणाली, "पीठ गेलंय पोटात. अर्धी बादली तरी असेल. माझंच चुकलं."

म्हणजे पिठाने पोटात आम्ल झालंय, असं म्हणून डॉक्टरांनी बाटली परत ठेवली, गाईच्या घशात नळी घातली आणि सोड्याचं पाणी सोडलं. वेळेवर सांगितलंत म्हणून, नाहीतर गाय गेली असती, असं ते म्हणाले. तरी दिराने बायकोला सगळ्यांदेखत फैलावर घेतलंच. संध्याकाळी गाय उठली आणि तिने वाळल्या गवताला तोंड लावलं.

थोरलीने धाकटीला गोठ्यातच गाठलं. "तुला कसं कळलं?"

"बादलीच्या कडीला पीठ चिकटलं होतं आणि पिठाचा डबा खाली गेला होता, ताई."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"माझ्यावर ओरडून हे उद्या विसरतील. तुमचं नाव निघालं असतं, तर तुम्ही पुन्हा गोठ्यात पाऊल टाकलं नसतं."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच अंगणात गेली. दीर हातपाय धूत होता.

"भावजी, पीठ मी घातलं होतं. तिने नाही."

दिराने वर पाहिलं आणि तो हसला. "वहिनी, तिला पाठीशी घालू नका. तुमचं मन मोठं आहे, ते काय आम्हाला ठाऊक नाही?"

ती पुन्हा सांगू लागली, तर त्याने गोठ्याकडे तोंड करून बायकोला हाक मारली. "ऐकलंस का? शिक जरा वहिनींकडून."