उपाशी मुळं

संशोधन केंद्रात तिला सगळे मुळंवाली म्हणत आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. पानं काय, येणारा-जाणारा कोणीही पाहतो. मुळं पाहायची तर कुंडी पाण्यात आडवी करावी लागते, तासभर वाकून वाळू सोडवावी लागते, आणि एवढं करून कंबरदुखीखेरीज काही हाती लागेल याची खात्री नसते. एकोणीस वर्षं तिने हेच केलं.

त्यातूनच घेवड्याच्या एका वाणाची खोड तिच्या लक्षात आली. खाणंपिणं व्यवस्थित मिळालं की त्याची मुळं गुळगुळीत, आळशी. पण स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, नसल्यात जमा अशा निकस मातीत लावलं, की तीच मुळं खोल जायचं सोडून वरच्या थरात आडवी पसरत, कारण जे काही थोडं स्फुरद असतं ते तिथेच. वर त्यांना इतके दाट केस फुटत, की वाळूचा कण सुटता सुटत नसे. दुसरे वाण पिवळे पडून मान टाकत, हा तग धरून राही.

"भूक लागली की बरोबर हातपाय हलवतो मेला," ती काचघराच्या माळीकाकांना कौतुकाने म्हणाली होती.

तिने हे डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टर म्हणजे झाडांचे, विभागाचे साहेब. नवीन लागले तेव्हा मुळं धुवायला तिनेच शिकवलं होतं. दोन दिवस शिकले, तिसऱ्या दिवशी त्यांची पाठ धरली. तिच्या सात वह्या त्यांनी वाचायला म्हणून नेल्या. वर्षभराने शोधनिबंध छापून आला, त्यावर त्यांचं एकट्याचं नाव. शेवटच्या आभारांत वीजवालासुद्धा होता. ती नव्हती.

ती विचारायला गेली तेव्हा डॉक्टर हसले. "ताई, तुम्हाला काय करायचंय नाव? तुमचं काम धुवायचं. धुणाऱ्याचं नाव कोणी लिहितं का?"

ती परत मुळं धुवायला गेली. पण ते वाक्य तिने जपून ठेवलं. घरी भांडी घासताना ते मनात घोळवायची आणि डॉक्टरांना मनातल्या मनात असे काही शब्द ऐकवायची, की नळालाही लाज वाटावी.

तीन वर्षं गेली. मग निरोप आला, की बियाणे मंडळाच्या बाई वाण पाहायला येणार. त्यांना मुळं पटली तर तो डॉक्टरांच्या नावाने शेतांत जाणार. तिने नेहमीच्या निकस वाळूत वीस कुंड्या पेरल्या. दहाव्या दिवशी डॉक्टर काचघरात आले आणि नाक मुरडून उभे राहिले.

"ही काय मरतुकडी रोपं? पाहुण्यांना हे दाखवायचं? खत घाला चांगलं."

माळीकाकांनी तोंड उघडलं. मुळंवालीने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, त्यांनी ते मिटलं.

"घालते की," ती म्हणाली. "तेवढं पुठ्ठ्यावर लिहून द्या."

प्रत्येक रांगेला पुठ्ठा टांगलेला असे, आणि त्यावर साहेबांची सही असल्याशिवाय कुंडीत काही घालायचं नाही असा नियम होता. डॉक्टरांनी फोनवर बोलत बोलत लिहिलं, 'स्फुरदासह पूर्ण खत, दर आठवड्याला', आणि सही ठोकून गेले.

"अगं, एक शब्द सांगायचा होतास," काका म्हणाले.

"मला विचारलं का त्यांनी? माझं काम धुवायचं."

पंधरा कुंड्यांना तिने न चुकता खत घातलं. पाच मागच्या फळीआड ठेवल्या, त्यांना नुसतं पाणी. तिला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. रोपं तरारली, डॉक्टर खूश झाले, तिला म्हणाले, "बघा, कशी दिसतायत." तीही म्हणाली, "दृष्ट लागण्यासारखी."

बियाणे मंडळाच्या बाई आल्या, पानांकडे न पाहता थेट पाण्याच्या टबापाशी गेल्या. मुळंवालीने कुंडी आडवी केली. वाळू क्षणात गळून पडली आणि हातात आलं स्वच्छ, गुळगुळीत मूळ. बाईंनी भिंग लावलं. दुसरी कुंडी, तिसरी, पाचवी.

"केस कुठे आहेत, डॉक्टर?"

डॉक्टर गर्रकन वळले. "ताई, काय घातलंत तुम्ही यात?"

तिने पुठ्ठा काढून बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो दोनदा वाचला.

"पोट भरलेल्या मुळाला केस कशाला फुटतील? हे तुमच्याच निबंधात आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही तो वाचला नाहीत का?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मुळंवालीने तो चेहरा डोळे भरून पाहून घेतला.

"बिनखताची एखादी कुंडी?" बाईंनी तिलाच विचारलं. "नाहीतर मला हा वाण यादीतून काढावा लागेल. पुन्हा तपासणी होत नाही."

डॉक्टरही तिच्याकडे पाहत होते, हात जोडायचेच बाकी होते.

"नाही," ती म्हणाली.

सगळे काचघरातून गेल्यावर तिने फळीआडची एक कुंडी आणली आणि टबात आडवी केली. वाळू हलेना. तासभर बोटांनी सोडवली तेव्हा मूळ दिसलं, वरच्या थरात वीतभर आडवं गेलेलं आणि केसांनी असं दाटलेलं, की एकोणीस वर्षांत तिने तसं पाहिलं नव्हतं.

माळीकाका मागे येऊन उभे राहिले. त्यांनी मुळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाई अजून ऑफिसात आहेत, वाण काढायच्या कागदावर सही व्हायचीय. बोलावू?"

तिला रडू येत होतं. हे एकच तर तिने शोधलं होतं.

"बोलावलं तर नाव कोणाचं लागेल, काका?"

"साहेबांचं," काका म्हणाले.

"मग राहू द्या," ती म्हणाली आणि तिने दुसरी कुंडी ओढली.